अक्षरे येतात, पण वाचता येत नाही : मराठी वाचन मुळापासून कसे बसवावे

बाराखडी घडाघडा म्हणणारे मूल ‘घरटे’ या शब्दापाशी अडते. घ... र... टे. तिन्ही अक्षरे बरोबर आली. आपण म्हणतो, ‘आता एकत्र म्हण.’ ते पुन्हा तेच म्हणते, फक्त जरा भरभर. शब्द काही लागत नाही. मग बहुतेक जण एकच उपाय करतात: बाराखडीची आणखी उजळणी.

खरे तर मुलाची काही चूक नाही. त्याने कागदावर होते ते वाचले. पण त्याच्या ओळखीचा शब्द ‘घ-र-टे’ असा तीन ठोक्यांचा नाहीच. तोंडातला शब्द दोन ठोक्यांचा आहे: घर्-टे. ‘र’मधला ‘अ’ बोलताना गळतो, लिहिताना राहतो. मराठीत लिपी आणि तोंड यांचा हिशेब बराचसा जुळतो, म्हणून आपण तो पूर्ण जुळतो असे गृहीत धरतो. जिथे तो जुळत नाही, नेमके तिथेच मूल अडते. ही न जुळणारी ठिकाणे मोजकी आहेत आणि ती एकेक करून शिकवता येतात. पुढचा सगळा लेख त्याबद्दलच आहे. पाच-सहा वर्षांच्या मुलापासून ते मराठी बोलता येणाऱ्या पण दुसऱ्या लिपीत शिकलेल्या मोठ्या माणसापर्यंत कोणालाही हाच क्रम चालतो.

पायरी १ : आधी कुठे अडते ते पाहा

फिलिप गॉफ आणि विल्यम टन्मर या वाचनाच्या अभ्यासकांनी १९८६ साली वाचनाची एक साधी मांडणी केली. वाचून समजणे म्हणजे दोन गोष्टींचा गुणाकार: लिहिलेले उच्चारात आणता येणे, आणि ऐकलेली भाषा समजणे. बेरीज नव्हे, गुणाकार. एक बाजू शून्य असेल तर दुसरी कितीही मोठी असो, उत्तर शून्यच.

ही मांडणी वापरून अर्ध्या तासात मुलाची तपासणी करता येते. एक छोटी गोष्ट तुम्ही मोठ्याने वाचा आणि त्यावर चार प्रश्न विचारा. ऐकून समजते का, ते कळेल. मग तेवढ्याच अवघड अशा दुसऱ्या गोष्टीतल्या पाच-सहा ओळी मुलाला वाचायला द्या. शेवटी ‘गोसमा’, ‘चिटूप’, ‘वेटुण’, ‘लाझेमी’ असे चार-पाच निरर्थक शब्द द्या. ही चाचणी वगळू नका. खरे शब्द मूल चित्रावरून किंवा पहिल्या अक्षरावरून ताडू शकते. ‘चिटूप’ ताडता येत नाही, वाचावेच लागते.

ऐकून सगळे समजते पण निरर्थक शब्द येत नाहीत, असे असेल तर पायरी २ ते ६ वर वेळ द्या. शब्द फाडफाड वाचते पण विचारल्यावर गप्प राहते, असे असेल तर थेट ७ पासून पुढे जा. दोन्ही कच्चे असेल तर दोन्ही रोज थोडे थोडे करायचे. अक्षरे पक्की होईपर्यंत गोष्टी थांबवून ठेवायच्या नाहीत.

पायरी २ : कागद बाजूला, आधी कान

मूल बोलते तेव्हा त्याचे लक्ष अर्थावर असते, आवाजावर नसते. वाचायला शिकणे म्हणजे स्वतःच्याच बोलण्याचे तुकडे ऐकू येऊ लागणे. हे तुकडे तीन आकारांचे असतात: वाक्यातले शब्द, शब्दातले ठोके आणि ठोक्यातले सुटे ध्वनी. मोठ्याकडून लहानाकडे जायचे.

शब्द मोजायला पायाशी खडे ठेवा: ‘माझी बहीण उद्या येणार’ म्हणत शब्दाला एक खडा. ठोके मोजायला टाळी पुरे. विमान: वि-मान, दोन टाळ्या. आकाश: आ-काश, दोन. पाकोळी: पा-को-ळी, तीन. इथे मोठी माणसेच चुकतात, कारण आपल्याला आता अक्षरे दिसतात आणि आपण अक्षरांना टाळ्या वाजवतो. ‘कमळ’ला तीन टाळ्या पडल्या तर समजा की तुम्ही डोळ्यांनी ऐकताय.

मग वजाबाकी. ‘सकाळ’मधून ‘स’ काढला तर काय उरते? काळ. ‘विमान’मधून ‘वि’ काढला? मान. हे जमले की अदलाबदल: ‘काळ’मधल्या शेवटच्या ‘ळ’च्या जागी ‘न’ घाल. कान. ‘न’च्या जागी ‘म’. काम. वेळ पाच मिनिटे, तीही चालता-चालता. वही-पेन्सिल लागत नाही.

सुट्या ध्वनीची जाण, म्हणजे ‘मी’, ‘मा’ आणि ‘मू’ या तिन्हींची सुरुवात एकच आहे हे कळणे, देवनागरीसारख्या लिपीत शिकणाऱ्या मुलांना उशिराच येते, कारण लिपीच ठोक्यासारख्या तुकड्यांची आहे. सोनाली नाग यांचा कन्नड वाचनावरचा २००७ सालचा अभ्यास हेच सांगतो: सुट्या ध्वनींची जाण सावकाश वाढते, आणि संपूर्ण अक्षरसंच हाताखाली यायला प्राथमिक शाळेची तीन-चार वर्षे जातात. कन्नड आणि देवनागरी लिप्यांची घडण सारखी आहे, त्यामुळे पहिलीच्या दिवाळीपर्यंत पोराला सगळे वाचता आले पाहिजे हा आग्रह सोडायला हरकत नाही.

जाता जाता संज्ञांचा एक घोळ. ‘अक्षर’ हा शब्द आपण तीन अर्थांनी वापरतो: कागदावरचे चिन्ह, तोंडातला ठोका आणि हस्ताक्षर. ‘वर्ण’ म्हणजे सुटा ध्वनी: ‘की’ हे एक अक्षर, पण त्यात क् आणि ई असे दोन वर्ण. भाषाविज्ञानात ज्या ध्वनीने अर्थ बदलतो त्याला स्वनिम म्हणतात. ‘काळ’ आणि ‘गाळ’ यांचा अर्थ वेगळा आहे, म्हणून मराठीत क् आणि ग् हे दोन स्वनिम. मुलाला या संज्ञा सांगायच्या नाहीत. शिकवणाऱ्याच्या डोक्यात मात्र त्या वेगवेगळ्या असाव्यात.

पायरी ३ : अक्षरांचा क्रम बदला

आपली वर्णमाला तोंडाचा नकाशा आहे. क-वर्ग कंठात, च-वर्ग टाळूवर, ट-वर्ग जीभ वळवून, त-वर्ग दातांशी, प-वर्ग ओठांवर. आतून बाहेर येत पाच गुणिले पाच. इतकी देखणी रचना फार थोड्या लिप्यांकडे आहे. पण नकाशा पाठ करणे म्हणजे चालणे नव्हे. क, ख, ग, घ, ङ एवढे शिकून कोणते शब्द वाचता येतात? जवळपास एकही नाही.

त्याऐवजी म, र, क, ब ही चार अक्षरे आणि काना एवढेच घ्या. लगेच काम, राम, कर, मार, बाक, बारा, मामा, काका, बाबा वाचता येतात. चौथ्या दिवशी मूल शब्द वाचते, आणि वाचनाची गोडी शब्दातच असते, अक्षरात नाही. पुढच्या गटात स, न, त आणि दीर्घ ईची वेलांटी, एक मात्रा घ्या: तीन, सात, नाक, केस, सीमा, नेता, बातमी. प्रत्येक गटात तीन-चार व्यंजने, एक-दोन स्वरचिन्हे आणि त्यांच्यापासून होणारे पंधरा-वीस शब्द. वर्णमाला मग वर्षभरात कधीतरी गाणे म्हणून येऊ दे.

दिसायला सारखी अक्षरे एका गटात आणू नका. घ-ध, भ-म, ब-व, प-ष, थ-य, ड-इ ही जोडपी एकमेकांपासून निदान दोन आठवडे लांब ठेवा. एक पक्के झाल्यावरच दुसरे आणायचे, आणि मग दोन्ही शेजारी ठेवून फरकावर बोट ठेवायचे.

पायरी ४ : बाराखडी पाठ नको, फिरवता येऊ दे

हिशेब करून पाहा. व्यंजने ३४, बाराखडीची घरे १२. म्हणजे ४०८ आकृत्या. पाठांतराने शिकवले तर मुलाला खरेच चारशे गोष्टी शिकाव्या लागतात. तत्त्व कळले तर ३४ आणि डझनभर चिन्हे पुरतात. हा फरक बाराखडी गाण्यासारखी म्हणून कळत नाही, कारण गाण्यात पुढचे अक्षर मागच्याच्या ओघात येते. ‘खो कुठे आहे?’ विचारले की मूल ‘ख, खा, खि’पासून सुरुवात करते, तेव्हा समजावे की गाणे पाठ आहे.

उपाय असा: एकच साचा घ्या आणि त्यात स्वर बदला. पर, पार, पीर, पूर, पेर, पोर. सहाच्या सहा शब्द, आणि बदलले फक्त एक चिन्ह. अशा ओळी कार्डांवर करा. ‘प’ आणि ‘र’ जागेवर ठेवून स्वरचिन्हांच्या चिठ्ठ्या मुलाला सरकवू द्या.

पहिल्या वेलांटीची अडचण निराळी आहे. ‘कि’मध्ये चिन्ह आधी दिसते आणि उच्चार नंतर होतो. डोळा डावीकडून उजवीकडे जातो, तोंड उलटे. लिहिताना ‘किरण’चे ‘करिण’, ‘दिवस’चे ‘दवस’ अशा चुका इथून येतात. मुलाला सरळ सांगा: ‘ही वेलांटी आगाऊ आहे, नंबर नसताना पुढे उभी राहते. तू आधी क म्हण.’ उकार-ऊकार खाली, मात्रा वर; म्हणजे डोळ्याला एका अक्षराभोवती फिरून यावे लागते. सुरुवातीला शब्दाखालून बोट फिरवायची सवय चांगली, पण नंतर बोटाच्या नादात वरच्या मात्रा सुटतात. तसे दिसले तर बोट शब्दाच्या वरून फिरवायला सांगा.

ऱ्हस्व-दीर्घाबद्दल वाचनात फार ताणू नका. ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब. लिहिताना फरक आहे, पण आपल्या रोजच्या बोलण्यात इ-ईची लांबी बहुतेक वेळा शब्दातल्या जागेवर ठरते, अर्थावर नाही. मुलाला तो फरक ऐकू येत नसेल तर कान ठीक आहेत. तो लेखनाचा विषय आहे, पुढे येईल.

पायरी ५ : न बोललेला ‘अ’

सुरुवातीच्या ‘घरटे’कडे परत येऊ. बाकी कशाला वेळ नसला तरी या पायरीला द्या, कारण पाठ्यपुस्तकांत ती क्वचितच वेगळी शिकवली जाते.

मराठी बोलताना दोन गोष्टी होतात. एक, शब्दाच्या शेवटच्या साध्या अक्षरातला ‘अ’ गळतो: घर म्हणजे घर्, बाक म्हणजे बाक्. दोन, मग उजवीकडून डावीकडे येताना मधला एखादा ‘अ’ असा सापडला की ज्याच्या आधीच्या आणि नंतरच्या अक्षराला बोलला जाणारा स्वर आहे, तर तोही गळतो. ‘घरटे’मध्ये ‘र’च्या आधी ‘घ’चा अ आहे, नंतर ‘टे’चा ए, म्हणून र अर्धा झाला. ‘कमळ’मध्ये शेवटचा ळ आधीच स्वर गमावून बसला, म्हणून ‘म’चा अ वाचला: क-मळ. ‘करवत’मध्ये त गेला, व राहिला, र गेला: कर-वत.

गंमत म्हणजे प्रत्यय लागला की ठोके हलतात. दगड: द-गड. पण दगडात: दग-डात. कमळ: क-मळ, कमळात: कम-ळात. तेच अक्षर एकदा पूर्ण, एकदा अर्धे, आणि कागदावर दोन्हीकडे सारखेच. ‘दगड’ वाचता येणारे मूल ‘दगडात’पाशी का अडखळते, याचे उत्तर इथे आहे.

हा नियम मुलाला शिकवायचा नाही. त्याला रेघ मारायला शिकवायचे. पेन्सिलीने शब्द ठोक्यांवर कापा: घर|टे, मुल|गा, कर|वत, स|मज|ले, अव|घड, दग|डात. आधी तुम्ही कापलेले शब्द मूल वाचेल. आठवड्याभराने शब्द तुम्ही म्हणा आणि मूल कापेल. मग मूल वाचेल आणि स्वतःच कापेल. अडखळले तर ‘हा शब्द आपण बोलतो कसा?’ एवढेच विचारा. बहुतेक मुले तीनेक आठवड्यांत पेन्सिल सोडतात.

अपवाद अर्थाच्या सांध्यावर असतात. ‘असमान’ म्हणजे समान नसलेले. नियम आंधळेपणाने लावला तर त्याचे ‘अस्मान’ होईल, आणि ते आभाळ. आपण अ-समान म्हणतो, कारण ‘समान’ हा शब्द आत शाबूत आहे. जोडाक्षराने संपणाऱ्या ‘मित्र’, ‘मंत्र’सारख्या शब्दांत शेवटचा अ थोडा ऐकू येतो. इतके अपवाद सध्या पुरेत.

पायरी ६ : जोडाक्षरे, आणि र नावाचे प्रकरण

जोडाक्षर दिसायला एक, बोलायला बहुतेक वेळा दोन ठोक्यांत वाटलेले. पुस्तक: पुस्-तक. दप्तर: दप्-तर. रस्ता: रस्-ता. म्हणून जोडाक्षर सुटे काढून ‘स्त म्हण’ सांगण्यात अर्थ नाही. शब्दात ठेवूनच वाचायचे. मागच्या पायरीवर ‘घर|टे’ वाचलेल्या मुलाला ‘रस्ता’ नवा वाटत नाही. तिथे अर्धा र दिसत नव्हता, इथे अर्धा स दिसतो. उलट हे सोपेच.

क्रम असा ठेवा. आधी दंड गमावणारी: स्त, न्य, ल्ल, प्त, च्च. मग आखडलेले क आणि फ: क्त, फ्त. मग एकाखाली एक बसणारी: ट्ट, द्व, द्ध. शेवटी ‘ज्ञ’ आणि ‘क्ष’, जे पाहून आत काय आहे ते ओळखू येत नाही. ते पाठच करायचे. ‘ज्ञ’चा मराठी उच्चार ‘द्न्य’ आहे, तेवढे सांगून पुढे जा.

‘म्ह’ आणि ‘ह्म’, ‘न्ह’ आणि ‘ह्न’ यांत आधी कोण ते पाहायची सवय लागते. ‘कोल्हा’, ‘म्हैस’ घरचे शब्द, ते आधी. ‘ब्राह्मण’, ‘चिन्ह’ नंतर.

र चार वेशांत येतो. ‘क्रम’मध्ये पायाशी तिरकी रेघ, ‘राष्ट्र’मध्ये ट च्या खाली छत्री, ‘सूर्य’मध्ये डोक्यावर रफार, ‘दऱ्या’मध्ये आडवी चंद्रकोर. पहिल्या दोन वेशांत र नंतर बोलायचा, शेवटच्या दोन वेशांत आधी. रफार ही पहिल्या वेलांटीची उलटी बहीण: दिसते अक्षराच्या डोक्यावर, बोलायची त्याच्या आधी. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, दर्-या असा जोर देऊन. ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या. र हलका, आधीच्या ‘द’वर जोर नाही. दोन्ही शब्द एका कागदावर लिहून शेजारी समुद्र आणि डोंगर काढा. पुन्हा समजवावे लागत नाही. ‘कृ’मध्ये मात्र र नाही, ऋ आहे, शिकवताना ‘क्र’पासून दूर ठेवा.

पायरी ७ : पुस्तकाची मराठी आणि तोंडची मराठी

मूल बोलते ‘मी केलं’, पुस्तकात असते ‘मी केले’. मूल म्हणते ‘घरं’, छापलेले असते ‘घरे’. पहिल्या काही महिन्यांत ‘केले’ पाहून मुलाने ‘केलं’ वाचले तर त्याला थांबवू नका. अक्षर वाचून अर्थ लावून स्वतःच्या भाषेत आणल्याचीच ती खूण आहे. पुढे सांगा की पुस्तक असे बोलते, आपण असे बोलतो. बोलीतले इतर शब्दही याच नियमाने. मुलाची बोली चूक ठरवून वाचन शिकवणे म्हणजे ज्या जमिनीवर उभे राहायचे तीच खणणे.

च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार लिपी दाखवत नाही. ‘चमचा’ एकटा असताना दोन्ही च दातांशी, ‘चमचे’ झाले की दुसरा टाळूवर. ‘माझा’ आणि ‘माझी’ तसेच. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा; लिहायला एकच, बोलायला दोन. इथे मुलाला सांगायचे की दोन्ही म्हणून बघ, ओळखीचा वाटेल तो ठेव. वाचनात ही युक्ती फार मोठी आहे. डेव्हिड शेअर यांनी १९९५ साली मांडले की वाचणारे मूल अक्षरांवरून अंदाजे उच्चार काढते, तो माहीत असलेल्या शब्दाशी जुळवते, आणि प्रत्येक जुळणीत तो शब्द डोळ्यांत थोडा पक्का होतो. म्हणजे मूल स्वतःच स्वतःला शिकवते. पण ओळखीचा शब्द आधी कानात असायला हवा.

अनुस्वार म्हणजे पुढच्या अक्षराच्या घरातले नाक. अंक, मंच, घंटा, दंत, अंबर: टिंब एक, उच्चार पाच, आणि जीभ आपोआप योग्य जागी जाते. फक्त य, र, ल, व, श, ष, स, ह यांच्या आधी (संयम, संवाद, सिंह) ऐकवून शिकवावे लागते. जुन्या छापील पुस्तकांत ‘घरांत’ अशी जास्तीची टिंबे दिसतील. १९६२ च्या लेखनविषयक नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले, त्याआधीचे ते मजकूर. मुलाला विचारायची वेळ आली तरच सांगा.

पायरी ८ : शब्दाची आगगाडी

आता शब्द लांब होतात. ‘झाडाखालच्यांनाही’ हा एक शब्द आहे. अक्षरे मोजत गेलात तर शेवटापर्यंत पोचताना सुरुवात विसरते. पण त्यात डबे आहेत: झाडा, खाल, च्यां, ना, ही. मराठी वाचनाचा ओघ डबे ओळखण्यावर येतो. अर्थाच्या अशा लहानात लहान तुकड्याला रूपिका म्हणतात, आणि व्याकरण नावाचा कंटाळवाणा विषय इथे एकदम कामाला येतो.

अडचण इंजिनात आहे. डबा जोडला की मूळ शब्द आकार बदलतो. यालाच सामान्यरूप म्हणतात. घोडा–घोड्याला, पाणी–पाण्यात, भाऊ–भावाला, माणूस–माणसाला, विहीर–विहिरीत, फूल–फुलावर, पाखरू–पाखराचे. बोलताना मुले हे न चुकता करतात. ‘पाणीत’ म्हणणारे सहा वर्षांचे मूल विरळाच. कागदावर मात्र ‘पाण्यात’ पाहून त्यांना ‘पाणी’ दिसत नाही. म्हणून चिठ्ठ्या करा: एकीकडे मूळ शब्द, दुसरीकडे ला, ने, चा, त, वर, खाली, साठी, पर्यंत, सारखा. मुलाने गाडी जोडायची, मोठ्याने म्हणायची, मग लिहायची. जोडताना काय बदलले ते त्यालाच शोधू द्या. ‘फूल’चा ऊकार ‘फुलावर’मध्ये आखूड का झाला, हे विचारणारे मूल लेखनाच्या नियमापर्यंत स्वतःच पोचलेले असते.

उलट खेळ जास्त महत्त्वाचा: वर्तमानपत्रातला लांबच लांब शब्द शोधायचा आणि डबे सोडवायचे. हा खेळ दुसरी-तिसरीपासून पुढे कधीही चालतो.

पायरी ९ : प्रत्यय वाचतोय की ताडतोय?

दोन वाक्ये लिहा. ‘मांजराने उंदराला पाहिले.’ ‘मांजराला उंदराने पाहिले.’ विचारा, कोणी कोणाला पाहिले? शब्दांच्या सुरुवाती वाचून बाकीचे ताडणारे मूल दोन्हीकडे मांजरालाच पाहायला लावते, कारण जगात मांजर उंदराकडे पाहते. मराठीत कोण काय करतो ते शब्दांच्या क्रमावर कमी आणि शेवटच्या अक्षरावर जास्त अवलंबून असते. शेपूट न वाचणारे मूल अर्थ वाचत नाही.

तसेच क्रियापद. ताईने धडा वाचला, चिठ्ठी वाचली, पत्र वाचले. वाचणारी ताईच, पण क्रियापद धडा, चिठ्ठी, पत्र यांच्यामागे गेले. ‘ताई धडा वाचते’मध्ये ते ताईमागे जाते. ‘वाचली’ हे रूप दिसताच काय वाचले असेल याचा अंदाज बांधता येतो. अशी अर्धी वाक्ये द्या: ‘दादाने काल ..... फाडली.’ वही चालेल, कागद चालणार नाही. कर्तरी-कर्मणी ही नावे नंतर आली तरी चालतील.

सर्वनामांवर थांबा. ‘त्याने त्याला त्याची वही दिली’ या वाक्यात तीन ‘तो’ कोण? ‘आपली वही दिली’ म्हटले की काय बदलते? ‘आम्ही जाऊ’ आणि ‘आपण जाऊ’ यांत ऐकणारा कुठे आहे? आणि जोडणारे शब्द: तरी, म्हणून, नाहीतर, जर–तर, जो–तो. ‘पाऊस होता तरी ती गेली’ आणि ‘पाऊस होता म्हणून ती गेली’ ही दोन वाक्ये चित्रात काढायला सांगा. ‘म्हणून’च्या चित्रात मुले काय काय कारणे शोधतात ते बघण्यासारखे असते.

पायरी १० : ओघ आणि साठा

एकच परिच्छेद तीन-चार वेळा वाचणे कंटाळवाणे वाटेल, पण ते काम करते, एस. जे. सॅम्युएल्स यांनी १९७९ मध्ये याची पद्धत मांडली. पहिल्यांदा तुम्ही वाचा, मग दोघे एका सुरात, मग मूल एकटे. घड्याळ लावू नका. वेगापेक्षा थांबे बघा: मूल शब्दाशब्दाला थांबते की अर्थाच्या घोटांत? ‘लाल फुलांच्या झाडाखाली / एक म्हातारा / झोपला होता’ असे तुकडे पेन्सिलीने पाडून द्यायला हरकत नाही.

जीन शॉल यांनी १९८३ साली वाचनाच्या टप्प्यांत एक मोठे वळण दाखवले: आधी मूल वाचायला शिकते, साधारण चौथीपासून शिकण्यासाठी वाचू लागते. त्या वळणावर अचानक नवे शब्द येतात, जे घरच्या बोलण्यात क्वचितच असतात: परिणाम, प्रमाण, आधारित. हा साठा मुलाच्या स्वतःच्या वाचनातून एवढ्यात येणार नाही. तो ऐकवावा लागतो. म्हणून मूल वाचू लागले की त्याला वाचून दाखवणे थांबवायचे, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. त्याच्या स्वतःच्या वाचनापेक्षा दोन वर्षे पुढचे पुस्तक तुम्ही वाचा, त्याचे पुस्तक ते वाचेल.

रोजची वेळ वीस ते पंचवीस मिनिटे पुरते: पाच मिनिटे कानाचे खेळ किंवा चिठ्ठ्या, दहा मिनिटे मुलाचे वाचन, उरलेला वेळ तुमचे वाचून दाखवणे. वाचताना मूल अडले तर तीनपर्यंत मनात मोजा, मग ठोका पाडून द्या, तरी नाही आले तर शब्द सांगून टाका. अर्थ बिघडवणारी चूक असेल तर वाक्य संपू द्या आणि विचारा, ‘हे जुळतंय का?’ अर्थ न बिघडवणारी चूक सोडून द्या.

एक वही ठेवा आणि त्यात गुण लिहू नका, चुका जशाच्या तशा लिहा: ‘दगडात’ला काय म्हणाले, ‘सूर्य’ला काय म्हणाले. दहा दिवसांनी पाने चाळली की कोणत्या पायरीवर परत जायचे ते चुकाच सांगतात.

सुरुवातीला अक्षर उलटे काढणे, घ-धमध्ये गडबडणे हे सगळ्याच मुलांचे होते. पण चार-सहा महिने नेमाने, याच क्रमाने सराव करूनही शब्द लागत नसतील, यमक ओळखता येत नसेल, काल पक्के झालेले अक्षर आज पुसले जात असेल, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या. ते ठीक निघाले तर अध्ययन अक्षमतेच्या तज्ज्ञाकडे जा आणि ती वही सोबत न्या. डिस्लेक्सियात, म्हणजे वाचनाच्या अध्ययन अक्षमतेत, अडचण बहुधा ध्वनी वेगळे करण्यात आणि चिन्हाशी जोडण्यात असते, बुद्धीत नाही. अशा मुलालाही पायऱ्या याच लागतात. फक्त प्रत्येक पायरीवर मुक्काम लांबतो आणि गट आणखी लहान करावे लागतात.